तुम्ही जरा करून दाखवा

क्रोशाची लेस हातात आली की मी आधी ती उलटी करते. पुढून सगळ्याच लेसा देखण्या असतात. मागे पाहिलं की कळतं, दोरा कुठे संपला, नवा कुठे जोडला, टोकं टाक्यांमधून ओवून लपवली की कुणी कात्रीने छाटून मोकळं झालं. मग ती टेबलावर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. हात एकसारखा चालला असेल तर लेस आपणहून सपाट बसते. घट्ट विणणारीची कड वर येते, सैल विणणारीची लाटा धरते. कोपरा असला तर कोपऱ्याकडे पाहायचं; भल्याभल्यांचा हात तिथे चुकतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. जव्हारच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि मुलींचे टाके उसवून देता देता डोळा तयार झाला.

निवृत्त झाल्यावर गावातल्या एका महिला मंडळाने मला हस्तकला स्पर्धेची परीक्षक केलं. संक्रांतीनंतर कधीतरी ही स्पर्धा असे. एखाद्या वर्षी भरतकाम, एखाद्या वर्षी मणीकाम, कधी जुन्या साड्यांच्या गोधड्या. शाळेच्या सभागृहात लांब टेबलं लावायची, वस्तू मांडायच्या, सकाळी आम्ही पाहायच्या आणि दुपारी बक्षिसं; पहिलीला ढाल. रुसवेफुगवे होत, पण ते तिळगुळाच्या मोसमातले, फार दिवस टिकत नसत. मला त्या दिवसाची ओढ असायची.

मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानातल्या. धडाडीची बाई. कुणाच्या घरी आजारपण असलं तर डबा पोचवणारी, कुणाचं लग्न असलं तर मांडवात सकाळपासून उभी राहणारी. ती वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते एखाद्या वाईट बाईने केलं असतं तर मी इतकी पेटले नसते.

त्या वर्षीचा विषय होता क्रोशाची लेस. परीक्षक दोघी. एक मी आणि दुसऱ्या नाशिकहून खास बोलावलेल्या पाहुण्या. त्यांचं तिकडे कपड्यांचं दुकान होतं, साड्यांना लेसा लावून देण्याचं मोठं काम चालायचं. गळ्यात चष्मा, हातात मोबाइल, बोलणं गोड. आम्ही दोघी टेबलांवरून फिरायला लागलो.

बहुतेक नमुने मोबाइलवरच्या त्याच त्या व्हिडिओंतून उतरलेले होते. अननसाचा नमुना तर इतक्या जणींनी केला होता की टेबल म्हणजे फळांची गाडी वाटावी. काम वाईट नव्हतं. पण पाहता पाहता डोळे नुसते पुढे सरकत होते. मग एका लेसेपाशी मी थांबले.

पदराला लावायची लेस होती ती. बारीक पांढऱ्या दोऱ्याची, वीतभर रुंद. तिच्यात खुरासणीची फुलं होती. पावसाळा सरता सरता आमच्याकडचे माळ पिवळे करून टाकतात ती फुलं. इकडच्या माणसाला रंग नसला तरी पाकळीवरून ओळखू येतात. फुलाला फूल जोडताना मध्ये जाळी सोडलेली, आणि ती जाळी कडेकडे जाताना बारीक बारीक होत गेलेली. हा नमुना मी कुठेही पाहिला नव्हता. उलटी केली तर जोड सापडेना. चष्मा काढून अगदी डोळ्यांशी धरली तेव्हा सापडला. एके ठिकाणी एक टाका राहून गेला होता आणि पुढच्या ओळीत तो गुपचूप भरून घेतला होता. ती जागा सापडली तेव्हा मला फार बरं वाटलं. मशीन चुकलं तर तीच चूक करत सुटतं. माणसाच्या लक्षात येतं आणि तो पुढे सावरून घेतो.

“हिचा पहिला,” मी म्हणाले.

पाहुण्या परीक्षकांनी लेस दोन बोटांनी उचलली. “ही हातची नाही हो मॅडम. अशा लेसा आमच्याकडे सुरतेहून ताग्याने येतात.”

“क्रोशासारखी दिसणारी येते,” मी म्हणाले. “तिचं टोक ओढलं तर टाके उसवत नाहीत, दोरा तुटतो. ही उसवेल. उसवायची नाहीये म्हणून, नाहीतर आत्ता दाखवलं असतं.” मी त्यांना तो राहून गेलेला टाका दाखवला, जोड दाखवला.

त्यांनी पाहिलं. “मग दुसऱ्या कुणाकडून करून घेतली असेल,” म्हणाल्या, आणि अध्यक्षबाईंना हाक मारली. “ही कुणाची आहे?”

लेसांना नुसते क्रमांक होते. निकाल लागेपर्यंत नाव सांगायचं नाही असा मंडळाचाच नियम. अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, “जामसरची आहे एक. सकाळच्या जीपने आलीय.”

“जामसर म्हणजे?”

“खेडं आहे इथलंच. पावसावरची भातशेती, बाकी काही नाही तिकडे.”

“मग झालं तर,” पाहुण्या म्हणाल्या.

आजही ते शब्द आठवले की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. लेस तीच होती. तिचे टाके तेच, जोड तोच. गावाचं नाव कळल्याबरोबर तिचा निकाल लागला.

“काय झालं?” मी विचारलं.

“तिथे हा दोरा तरी मिळतो का?”

“हा दोरा जव्हारातही मिळत नाही. मी माझा मुंबईहून मागवते. मग माझं कामही माझं नाही का?”

अध्यक्षबाई मध्ये पडल्या. “ताई, चिडू नका. शंका आलीच आहे तर फेडून टाकू. तिला बोलावू, दोन ओळी करून दाखवू दे. सोपं आहे.”

“मग सगळ्यांनाच बोलवा. सगळ्यांनी दोन दोन ओळी कराव्यात.”

“सगळ्यांना कशाला? बाकीच्या आपल्या ओळखीच्या आहेत.”

इतकं सरळ, इतकं बिनदिक्कत त्या बोलल्या की त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ओळखीच्या बाईने मैत्रिणीकडून लेस करून घेतली तरी ती हातचीच. आणि जीपने आलेली बाई चोर, ती चोर नसल्याचं तिनेच दाखवायचं. मी सांगितलं, एकटीला बोलावलंत तर मी परीक्षक नाही. “बरं बरं, बघू, आधी जेवून घ्या,” म्हणत त्या मला शेजारच्या वर्गात घेऊन गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

मी पानावर बसले होते. भाताला पहिला हात लावला आणि सभागृहातला माईक ऐकू आला. “जामसरहून आलेल्या ताई, कृपया व्यासपीठाकडे यावं.”

मी तशीच उठले, हातही धुतला नाही. दारातून पाहिलं तर एक काटक, चाळिशीची बाई मधल्या रांगेतून पुढे येत होती. अंगावर कोरी साडी, घडीच्या रेषा अजून मोडायच्या होत्या. तोंडभर हसू. शेजारच्या दोघीतिघींनी टाळ्याही वाजवल्या. तिला आणि त्यांना वाटलं होतं, तिला बक्षीस मिळालं.

ते हसू मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

ती स्टेजवर चढली. अध्यक्षबाईंनी तिच्या हातात क्रोशाची सुई आणि दोऱ्याचं रीळ दिलं. “तुम्ही जरा करून दाखवा,” त्या गोड आवाजात म्हणाल्या.

“काय करू?”

“हीच लेस. दोन ओळी. सगळ्यांना बघू दे.”

तिने सुई घेतली. अजूनही तिला हा मानच वाटत होता. तिने पदर खोचला, दोरा बोटाला गुंडाळला. तेवढ्यात पाहुण्या परीक्षक म्हणाल्या, “म्हणजे खात्री होईल ना, की तुम्हीच केलीय.” माईक चालू होता. अख्ख्या सभागृहाने ऐकलं.

तिचा हात थांबला. तिने खाली बसलेल्या बायांकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंकडे.

“यांनी समद्यांनी करून दाखवलं का?”

“नाही.”

“मग दाखवनार हायेत?”

“नाही हो. फक्त तुम्हीच.”

“मग मी नाय करायची.” तिने दोरा बोटावरून सोडवला, सुई टेबलावर ठेवली.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं. पाहुण्या परीक्षकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही सिद्ध झालं. मला तर उलटंच सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं. एवढं करून दाखवण्याजोगं ज्याच्याकडे असतं त्यालाच नाही म्हणता येतं. पण हे समजावत बसण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. मी स्टेजवर गेले आणि माईक घेतला.

“ही लेस हातची आहे,” मी म्हणाले. “मी तपासली आहे. माझ्याकडून हिला पहिला नंबर आहे. संशय घ्यायचा असेल तर सगळ्यांवर घ्या. मी सगळ्यात आधी बसते, माझ्यापासून सुरुवात करा. पण एकटीला उभं करून तपासायचं, हे चालणार नाही.”

समोर माझ्या कितीतरी विद्यार्थिनी बसल्या होत्या, आता लेकुरवाळ्या झालेल्या. कुणी मांडीवरची पर्स उघडली, कुणी मोबाइल काढला. मागून एक आवाज आला, “बाई बरोबर बोलतायत,” आणि तो आवाजही लगेच गप्प झाला.

अध्यक्षबाईंनी माईकचं बटण बंद केलं. “ताई, बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर हे शोभतं का?”

“तीही बाहेरगावचीच आहे,” मी म्हणाले. “सकाळच्या जीपने आलीय.”

पण ती आता स्टेजवर नव्हती. तिने टेबलावरची आपली लेस उचलली होती, घडी केली होती आणि ती दाराबाहेर पडली होती. मी छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला काढला, पाहुण्यांच्या समोर ठेवला आणि तिच्या मागे निघाले.

जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून ती मला जीपच्या थांब्यावर सापडली. ती एका बंद टपरीच्या पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

“ताई, थांबा जरा,” मी म्हणाले.

“कशाला? अजून काय दाखवायचं राह्यलं?”

मी तिच्या शेजारी बसले. धाप लागली होती. तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. मग माझ्याकडे न पाहताच सांगायला लागली. लग्नाआधी ती वसईला एका घरी कामाला होती. घरात एक म्हातारी बाई, तिचे हात कापायचे. पण तिला चर्चमध्ये लावायला लेसा द्यायच्या असत, वर्षानुवर्षं देत आली होती. तिने हिला शिकवलं.

“मी करायचे आनि लोक येऊन तिला सांगायचे, आंटी, काय बारीक काम करता तुमी. ती नुसती हसायची. मी तिथंच उभी, चाय घेऊन.” मग म्हणाली, “वाईट नव्हती म्हातारी. पोटभर खायला घालायची. पन एक दिवस तरी सांगायचं ना, की हिनं केलंय.”

“नाही सांगितलं कधी?”

“नाय. आनि इथं मना वाटलं, आता तरी माझ्या नावानं जाईल. तर इथं म्हनतात, दुसऱ्या कुनी केली.”

मी काहीतरी धीर द्यावा म्हणून म्हणाले, “बक्षिसाचं एवढं मनावर घेऊ नका. काम तुमचं आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.”

ती एकदम माझ्याकडे वळली. “का नको घेऊ मनावर? मना पायजे होतं बक्षीस. ती ढाल पायजे होती. माझ्या पोरीनं भिंतीला खिळाबी मारून ठेवलाय. तुमाला काय वाटतं, आमाला काय नकोच असतं?”

जीपवाल्याने हाक दिली. ती उठली, मागच्या बाकावर दाटीवाटीत बसली. जाताना तिने हात हलवला नाही, आणि हलवावा असं मी काही केलंही नव्हतं.

ढाल गेली अननसाची लेस लावलेल्या एका रुमालाला. काम बरं होतं. तो विणणाऱ्या मुलीचा काही दोष नाही.

दोनचार दिवसांनी अध्यक्षबाई घरी आल्या. मी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, “झालं ते झालं. मलाही नंतर वाटलं, जरा चुकलंच. आम्ही चौघी जामसरला जाऊन येतो. शाल देऊ, नारळ देऊ, बाईचा मान करू.”

“आणि म्हणणार काय?”

“म्हणायचं काय त्यात? कळतंच की माणसाला.”

“वहिनी, अपमान माईकवर केलात आणि माफी कानात सांगणार? पुढच्या कार्यक्रमात त्याच स्टेजवर तिला बोलवा. सांगा, आम्ही संशय घेतला, तो चुकीचा होता. दोन वाक्यं आहेत.”

“तुम्ही फार ताणता, ताई,” त्या म्हणाल्या. “मंडळाचं नाव जाईल.”

आतून आमचे हे म्हणाले, “मिटवून टाक ना. एका गावात राहायचंय आपल्याला.”

“तीही याच तालुक्यात राहते,” मी म्हणाले. त्या दिवशी ह्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

शाल गेली नाही आणि माफीही झाली नाही. पुढच्या वर्षी मंडळाने स्पर्धेचा विषयच बदलला. पाककृती. का, तर म्हणे हस्तकलेत वाद होतात. वाद! एका बाईला चारचौघांत चोर ठरवलं, त्याचं नाव वाद. मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं नाही. अध्यक्षबाई बाजारात दिसतात, तब्येत विचारतात, मी सांगते. त्यापुढे आमचं बोलणं जात नाही.

मी मात्र गप्प बसू शकले नाही. मोखाड्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी शिक्षिका आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाई, आपण इकडे स्पर्धा घेऊ.” मी एकच अट घातली: घरून काही आणायचं नाही. सगळ्यांना एकसारखा दोरा, एकसारखी सुई, तिथेच बसायचं, तिथेच विणायचं. शिक्षिका असो, सावकाराची सून असो, नाहीतर पाड्यावरची बाई असो.

जामसरला मी स्वतः गेले. ती खळ्यावर पेंढा रचत होती. मला पाहून ओळखलं, पण काम थांबवलं नाही. मी स्पर्धेचं सांगितलं.

“पुन्हा करून दाखवायचं?” ती म्हणाली.

“सगळ्यांनीच करायचंय या वेळी.”

“तुमीपन?”

मी आधी गांगरले. “मी परीक्षक आहे.”

“मग तुमचं कोन तपासनार?”

म्हणून मोखाड्याला मीही सुई घेऊन बसले, सगळ्यांच्या देखत, आणि माझा तुकडा मधल्या टेबलावर ठेवला. ज्याला पाहायचा त्याने पाहावा. काही जणींनी पाहिला. एकीने एक सैल टाका दाखवला, तो खराच सैल होता.

ती आली होती. या वेळी साडी रोजच्या वापरातली. आम्ही विणायला चौकोनी रुमालाची फुलांची कड दिली होती, चारी कोपऱ्यांसकट. पूर्ण दिवस सगळ्या माना खाली घालून विणत होत्या. सभागृहात फक्त सुया आणि अधूनमधून कुणाचं तरी तान्हं मूल, एवढाच आवाज. संध्याकाळी मी आणि ती शिक्षिका प्रत्येक रुमाल टेबलावर ठेवून पाहत गेलो. जामसरचा रुमाल सरळ कडेला असा होता की हात फिरवावासा वाटे. पण कोपरे वर आले होते. चारही.

मी पुन्हा पाहिलं. फार वाटत होतं की ते बसावेत. ते बसले नाहीत. तिचा तिसरा आला.

निकाल सांगितल्याबरोबर ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तिसरा?”

“कोपरे वर आलेत.”

“धुतल्यावर बसतील.”

“आत्ता बसले नाहीत. वळणाच्या जागी टाके कमी पडलेत. तुम्ही सरळ लेसाच करत आलात, कोपऱ्याची सवय नाही.”

“तुमी जामसरला येऊन मना बोलावलंत, आनि तिसरा देता?”

“मी विणायला बोलावलं होतं.”

“त्या पैल्या आलेलीची फुलं बघा, माझ्या फुलांच्या जवळपास तरी हायेत का?”

“नाहीत. फुलं तुमचीच चांगली आहेत. पण तिचे कोपरे बसलेत.”

“मग फुलांना काय किंमत नाय?”

“आहे. म्हणून तर तिसरा आला, नाहीतर तोही नसता आला.”

ती कडाडून चिडली होती आणि ते चिडणं लपवत नव्हती. आजूबाजूच्या बाया थांबून ऐकायला लागल्या. शिक्षिका मला हळूच कोपराने ढोसत होती, सोडून द्या म्हणून. मी सोडलं नाही, आणि तिनेही नाही. तिने रुमाल माझ्यासमोर पसरला, कोपरा तळहाताने दाबला, सोडला. तो पुन्हा वर आला. पुन्हा दाबला.

“पुढल्या साली काय ठेवनार?” तिने विचारलं.

“अजून ठरलं नाही.”

“कोपरेच ठेवा,” ती म्हणाली. तिसऱ्या बक्षिसाचा स्टीलचा डबा तिने काखेत मारला, आणि जीप सुटेपर्यंत खिडकीतून मला सांगत राहिली की निकाल चुकला आहे.